विमानामागून आलेलं बंगलोर

बुधवार, उद्यान एक्सप्रेस

बंगलोरला एवढं आयटी का आलं असं कुणालाही विचारा, बहुतेक जण सांगतात तिथली हवा चांगली म्हणून. हवा आमच्या नाशिकचीही चांगलीच आहे, आणि नाशिकजवळ ओझरला १९६४ पासून विमानाचा कारखाना आहे, बंगलोरला आहे त्याच एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचा. मग चिप डिझाइन करणारी, सॅटेलाइट बनवणारी, सॉफ्टवेअर लिहिणारी सगळी माणसं तिकडेच का जमली? हा प्रश्न माझ्या डोक्यात कित्येक वर्षं आहे, कारण माझे वडील ओझरच्या फॅक्टरीतूनच रिटायर झालेत, आधी मिग आणि शेवटची वर्षं सुखोई. माझा भाचा बंगलोरला चिपच्या कंपनीत आहे, तो कधीपासून म्हणत होता मामा आजोबांना घेऊन ये, तर या वेळी ठरवलं की नुसतं लालबाग आणि कब्बन पार्क करायचं नाही, विमानापासून कॉम्प्युटरपर्यंत हे गाव कसं पोचलं ते जागेवर जाऊन बघायचं.

नाशिकहून पुण्यापर्यंत शिवशाही आणि दुपारी पुण्याहून उद्यान. दौंड गेल्यावर डबा उघडला, बाबांना गाडीत जेवायला फार आवडतं, भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी.

सोलापूर आलं आणि मी बाबांना म्हटलं, तुमच्या कंपनीचा पहिला मालक या गावचा. त्यांना नाव माहीत होतं पण पूर्ण गोष्ट नव्हती. वालचंद हिराचंद, जन्म सोलापूरचा, १८८२ चा. जहाजं, मोटारी, विमानं हे सगळं आपल्याकडे बनलं पाहिजे हा त्यांचा ध्यास. १९३९ मध्ये पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात त्यांना विल्यम पॉली नावाचा अमेरिकन माणूस भेटला, जो तेव्हा चीनमध्ये विमानं बनवत होता, आणि त्या गाठीतून हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी, म्हणजे आजच्या एचएएलची सुरुवात, उभी राहिली. २३ डिसेंबर १९४० ला बंगलोरला रजिस्टर झाली. बंगलोर का, तर म्हैसूर दरबाराने जमीन दिली आणि २५ लाख रुपये भांडवलही घातलं, दिवाण मिर्झा इस्माईल स्वतः मागे लागलेले. शिवाय गाव समुद्रापासून लांब म्हणजे युद्धात सुरक्षित, शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज १९०२ पासून तयार, आणि जमशेटजी टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स गावातच. पुढे १९४२ मध्ये युद्धामुळे सरकारने कंपनी ताब्यात घेतली, १९४३ ला कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या दुरुस्तीच्या कामाला लागला. वालचंदांच्या हातून कंपनी गेली पण जागा ठरून गेली. माझ्या मते पुढच्या सगळ्याचं मूळ त्या जागेत आहे.

कलबुर्गीनंतर अंधार पडला. बाबा वरच्या बर्थवर नको म्हणतात, खालचा मिळाला होता, शांत झोपले.

गुरुवार, मराठहळ्ळी, एचएएल म्युझियम

सकाळी उशिरा पोचलो. भाचा ऑफिसला निघायच्या घाईत होता, त्याने चावी दिली, इडली आणून ठेवली होती, आणि आम्ही आंघोळी उरकून थेट म्युझियमला गेलो. जुन्या एअरपोर्ट रोडवर आहे, शेजारीच एचएएलचा कारखाना आणि तो जुना विमानतळ, २००८ पर्यंत गावाची सगळी प्रवासी विमानं इथेच उतरायची. हा रस्ता नीट बघण्यासारखा आहे, एका बाजूला एचएएल, पुढे इस्रोचं सॅटेलाइट सेंटर, आसपास डीआरडीओच्या लॅब. बाबा रिक्षातून बोर्ड वाचत होते आणि प्रत्येक बोर्डाला म्हणत होते, अरे याचं नाव आमच्या ड्रॉइंगवर असायचं.

बाहेर झाडाखाली विमानं उभी केली आहेत. आधी एचटी-२ जवळ थांबलो. छोटं दोन सीटचं शिकाऊ विमान, १९५१ ला पहिल्यांदा उडालं, आणि ते डिझाइन करणाऱ्या टीमचे प्रमुख होते विष्णू माधव घाटगे, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज भागातले. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल यांच्याकडे पीएचडी केलेला माणूस, ज्यांच्या हाताखाली अख्खं वायुगतिशास्त्र उभं राहिलं ते प्रांटल. घाटगे परत आले आणि एचएएलमध्ये विमान डिझाइन करायला बसले, इन्स्टिट्यूटमध्ये विमानशास्त्राचा विभाग सुरू करण्यातही ते होते. शाळेत आपल्याला इतकी नावं पाठ करायला लावतात त्यात हे नाव का नसतं मला कळत नाही, महाराष्ट्रातल्या प्रत्येक इंजिनीअरिंग कॉलेजात यांचा फोटो पाहिजे.

मग मारुत. कुर्ट टँक हे जर्मन डिझायनर १९५६ ला बंगलोरला आले आणि १९६१ ला हे विमान उडालं, भारतात डिझाइन झालेलं पहिलं जेट लढाऊ विमान. हवं तसं दमदार इंजिन त्याला कधीच मिळालं नाही, तरी १९७१ च्या युद्धात ते लढलं. पण मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. लायसन्सवर विमान जोडायचं असेल तर ड्रॉइंग बाहेरून येतं आणि तुम्ही त्याप्रमाणे करता. स्वतः डिझाइन करायचं म्हटलं की हजार प्रश्न पडतात, पंखावर भार किती येतो, कंप किती होतो, तो मोजायचा कशाने, मोजलेलं साठवायचं कुठे, त्याची गणितं करायची कोणी. म्हणजे सेन्सर आला, रेकॉर्डर आला, मोजलेलं लांबून खाली पाठवणारी टेलिमेट्री आली आणि शेवटी कॉम्प्युटर आला.

मिग-२१ पाशी बाबा बराच वेळ होते. हात लावू नका असं लिहिलेलं, म्हणून हात मागे बांधून वाकून वाकून बघत होते. नाकाच्या मागे एक पॅनल आहे, ते बोटाने लांबून दाखवत म्हणाले, "इथे स्क्रू एवढे असतात, आतला एलआरयू काढायला अर्धा तास जातो, आणि काढला की लेबल लावून स्टोअरला पाठवायचा. उघडायचा नाही. सील असतं." एलआरयू म्हणजे रेडिओ, नेव्हिगेशन, रडार वगैरेचा अख्खा डबा, जो बिघडला तर तसाच काढून दुसरा बसवायचा. मी विचारलं मग उघडायचं कोण. म्हणाले, हैदराबादला जायचा. आणि तेच खरं आहे, मिगचा प्रकल्प तीन गावांत वाटला होता, सांगाडा नाशिकला, इंजिन ओरिसात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. बाबा जे सहज बोलले ते माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर होतं. पत्रा, रिव्हेट, असेंब्ली, टेस्ट फ्लाइट हे सगळं ओझरला आलं आणि त्यात आमची माणसं एक नंबर झाली, पण ज्या डब्यात ट्रान्झिस्टर आणि सर्किट होतं तो डबा आमच्या गावात कधी उघडलाच गेला नाही. जो उघडतो तो शिकतो, आणि शिकलेला माणूस उद्या नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप टाकतो.

सुखोई-३० चंही तसंच. विमान ओझरला तयार होतं, त्याचा मिशन कॉम्प्युटर बंगलोरच्या डेअर या डीआरडीओच्या लॅबने डिझाइन केलेला.

संध्याकाळी भाच्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, मामा अमेरिकेतही हेच झालंय. सिलिकॉन व्हॅली म्हणतात तिथे आधी मॉफेट फील्डचा विमानतळ होता, नासाची विंड टनेल होती, म्हणजे विमानाच्या मॉडेलवर वारा सोडून बघायचे बोगदे, लॉकहीडचा क्षेपणास्त्रांचा कारखाना होता. आयसी, म्हणजे एका चिपवर बसवलेली अख्खी सर्किटं, नवीन निघाल्या तेव्हा इतक्या महाग होत्या की साध्या गिऱ्हाइकाला परवडत नव्हत्या, पहिले मोठे गिऱ्हाईक मिनिटमन क्षेपणास्त्र आणि अपोलो यान. १९६३ मध्ये अमेरिकेत बनलेल्या आयसींपैकी सुमारे ६० टक्के एकट्या अपोलोच्या कॉम्प्युटरसाठी गेल्या असं म्हणतात. विमानाला वजन चालत नाही आणि बिघाड चालत नाही, त्यामुळे छोटं आणि भरवशाचं मिळत असेल तर विमानवाला किंमत बघत नाही. आणि त्याने किंमत मोजून मोजून वस्तू स्वस्त झाली की मग रेडिओवाले, कॅल्क्युलेटरवाले येतात.

शुक्रवार, मल्लेश्वरम आणि इन्स्टिट्यूट

सकाळी मल्लेश्वरमला बेण्णे डोसा खाल्ला, बाहेर रांग होती पण पटकन नंबर लागला. बाबांनी दोन फिल्टर कॉफ्या प्यायल्या, स्टीलच्या वाटीत ओतून गार करायची पद्धत त्यांना एकदम पटली.

तिथून इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स जवळच. भाच्याच्या ओळखीच्या एका रिसर्च करणाऱ्या मुलीने गेटवर एन्ट्री करून दिली आणि स्वतः सोबत आली, तिचे उपकार. आत गेल्यावर शहराचा आवाज एकदम कमी होतो, मोठमोठी झाडं, दगडी मुख्य इमारत, समोर जमशेटजींचा पुतळा. आम्ही विमानशास्त्र विभागाकडे गेलो. हा विभाग सुरू झाला डिसेंबर १९४२ मध्ये. कारखाना १९४० चा आणि विभाग १९४२ चा, म्हणजे कारखाना निघाल्यावर दोन वर्षांत शिकवणारी जागाही त्याच गावात उघडली, ही जोडी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

तिथलं जुनं ओपन सर्किट विंड टनेल बाहेरून बघितलं. हवा ओढून घेणारं त्याचं तोंड इमारतीएवढं आहे, आणि आत जिथे मॉडेल लावतात तो भाग १४ फूट रुंद आणि ९ फूट उंच, लंबगोल आकाराचा. १९५९ पासूनचं. बाबा म्हणाले आमच्याकडे विमान पूर्ण झाल्यावर उडवून बघतात, इथे बनायच्या आधीच वाऱ्यात धरतात. त्या मुलीने सांगितलं की आता मॉडेलवर बारीक बारीक छिद्रं असतात, प्रत्येक छिद्राला प्रेशर मोजायची नळी, आणि ते सगळे आकडे एकाच वेळी कॉम्प्युटरवर उतरतात. पूर्वी माणसं बसून काचेच्या नळ्यांमधली पातळी वाचून वहीत लिहायची. वाऱ्यातून आकडे निघतात, आकड्यांसाठी यंत्र लागतं, हे तिथे उभं राहून इतकं स्पष्ट दिसतं.

सतीश धवन इथेच १९५१ ला आले, अशी टनेल उभी केली, १९६२ पासून इन्स्टिट्यूटचे संचालक. १९७२ ला त्यांना इस्रोचं प्रमुखपद दिलं तेव्हा ते इन्स्टिट्यूट सोडायला तयार नव्हते, दोन्ही कामं एकत्र सांभाळली, आणि इस्रोचं मुख्यालय बंगलोरला आलं. एका माणसाच्या हट्टाने गावाचं नशीब कसं बदलतं बघा. ते इस्रोच्या जागी १९८४ पर्यंत होते.

आता कॉम्प्युटरची गोष्ट, जी मराठी माणसाला मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्याला भारताचा सुपरकॉम्प्युटर म्हटलं की पुण्याचं सी-डॅक आणि १९९१ चा परम ८००० आठवतो, विजय भटकरांचं काम, आणि अभिमान वाटावा असंच ते आहे. पण त्याच्याआधी, १९८६ मध्ये, बंगलोरच्या नॅशनल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत म्हणजे एनएएलमध्ये फ्लोसॉल्व्हर नावाचा पॅरलल कॉम्प्युटर चालू झाला होता, भारतातला पहिला. विमानाभोवती हवा कशी वाहते याची समीकरणं सोडवायची म्हणून. एका प्रोसेसरला ते झेपत नव्हतं, बाहेरून मोठं मशीन घ्यायचं तर किंमत प्रचंड आणि अमेरिकेची परवानगी लागणार, मग यांनी बाजारात मिळणारे इंटेलचे ८०८६ आणि ८०८७ प्रोसेसर घेतले आणि एकाच गणिताचे तुकडे पाडून त्यांच्यात वाटून दिले. पुढे त्याच घराण्यातल्या मशीनवर मान्सूनची गणितंही केली. हवा ती हवाच, पंखावरची काय आणि अरबी समुद्रावरची काय, समीकरणं तीच.

ही एनएएल १९५९ ला दिल्लीत सुरू झाली आणि १९६० ला बंगलोरला आली, तेव्हा ऑफिस होतं जयमहल रस्त्यावरच्या म्हैसूर महाराजांच्या वाड्यातल्या घोड्यांच्या तबेल्यात. बाबांना हे ऐकून फार आनंद झाला.

संध्याकाळी पाऊस आला, घरीच थांबलो, भाच्याने बिसीबेळे भात मागवला.

शनिवार, जालहळ्ळी आणि पीण्या

हा दिवस सगळ्यात भारी. मॅजेस्टिकवरून ग्रीन लाइन मेट्रो घेतली, भाच्याला सुट्टी होती म्हणून तोही आला. यशवंतपूर गेल्यावर मेट्रो उंचावरून जाते आणि खाली पत्र्याच्या आणि सिमेंटच्या छपरांचे शेडच शेड, नजर पोचेल तिथपर्यंत. स्टेशनांची नावंच पीण्या, पीण्या इंडस्ट्री, जालहळ्ळी अशी आहेत. आमच्या सातपूर-अंबडला जे बघायची सवय आहे तेच, फक्त कितीतरी मोठं.

जालहळ्ळीला भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे बीईएल. १९५४ ला सरकारने सुरू केली, फ्रान्सच्या सीएसएफ कंपनीची मदत घेऊन. सैन्याला वायरलेस सेट पाहिजे होते, हवाई दलाला पाहिजे होते, रडार पाहिजे होतं. तिथून पुढे रेडिओचे व्हॉल्व्ह, जर्मेनियम ट्रान्झिस्टर, रेडिओ स्टेशनचे ट्रान्समीटर, अगदी आपण मतदान करतो ती मशीनसुद्धा. रडारचं संशोधन करणारी एलआरडीई ही लॅब १९५८ ची, तीही बंगलोरलाच, विमानाच्या प्रणाल्यांवर काम करणारी एडीई १९५९ ची. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे की सगळं श्रेय विमानाला देता येत नाही, टेलिफोन बनवणारी इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज १९४८ लाच इथे आलेली, घड्याळं आणि मशीन टूलवाली एचएमटी १९५३ ची. पण हे सगळे एकाच गावात असल्यामुळे टर्नर, फिटर, वायरमन, इन्स्पेक्टर अशी माणसं एका गेटातून दुसऱ्या गेटात जात राहिली आणि अनुभव गावातच मुरला.

मग पीण्या. १९७२ मध्ये यू. आर. राव भारताचा पहिला उपग्रह बनवायला अहमदाबादहून बंगलोरला आले तेव्हा त्यांना नवी इमारत नव्हती. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतले अॅस्बेस्टॉसच्या छपराचे शेड घेतले आणि त्यातच धूळ येणार नाही अशी क्लीन रूम तयार केली. बंगलोर निवडलं कारण एचएएल, बीईएल, एनएएल, इन्स्टिट्यूट सगळे हाकेच्या अंतरावर. टीममध्ये बहुतेक पोरं तरुण, आधी कुणीच उपग्रह बघितलेला नाही. आर्यभट ३६० किलोचा, १९ एप्रिल १९७५ ला रशियाच्या रॉकेटवरून गेला, काही दिवसांतच विजेची अडचण येऊन प्रयोग थांबले, पण उपग्रहाशी बोलणं चालू राहिलं आणि करायचं कसं ते हातात आलं. डेटा घ्यायच्या केंद्रासाठी जागा कमी पडली म्हणून शेडमधलं एक टॉयलेट रिकामं करून तिथे ते केंद्र केलं होतं. जुन्या दोन रुपयांच्या नोटेवर हाच आर्यभट होता, बाबांच्या पाकिटात ती नोट अजून आहे.

पुढे १९८१ चा अॅपल उपग्रह. तो बैलगाडीवर ठेवलेला फोटो सगळ्यांनी बघितलाय आणि बरेच जण त्याच्याकडे गरिबीचं चित्र म्हणून बघतात, मला त्याचा राग येतो. अँटेनाची चाचणी घ्यायची होती, लोखंडी ट्रकवर ठेवला असता तर लोखंडामुळे मोजमाप बिघडलं असतं, म्हणून लाकडी गाडी. तो विचारपूर्वक केलेला प्रयोग होता.

भाच्याच्या मित्राच्या वडिलांचं पीण्यात छोटं युनिट आहे, वायर हार्नेस म्हणजे वायरींचे बांधलेले जुडगे आणि सर्किट बोर्डाची असेंब्ली, त्यातलं बरंच काम अंतराळ आणि विमानाचं. त्यांनी आम्हाला काचेबाहेरून बघायला दिलं. आत निळ्या कोटातल्या बायका, डोक्याला टोप्या, प्रत्येकीच्या मनगटाला पट्टा आणि पट्ट्याची वायर टेबलाला अर्थ केलेली, कारण अंगातल्या स्थिर विजेने चिप मरते. आमच्या समोरची बाई मायक्रोस्कोपखाली एक एक जोड सोल्डर करत होती. टोकाला अगदी थोडं सोल्डर, एक-दोन सेकंद टोक टेकवलं, उचललं, ब्रशने अल्कोहोल लावून पुसलं, पुन्हा मायक्रोस्कोपमधून बघितलं, कागदावर टिक केली. पुढच्या टेबलावर दुसरी बाई तोच जोड परत तपासत होती आणि तिची वेगळी सही. मालक म्हणाले, या कामाचं सर्टिफिकेट असतं, परीक्षा असते, ठरावीक काळाने परत द्यावी लागते, आणि कोणता बोर्ड कोणी कधी केला ते वर्षानुवर्षं जपून ठेवावं लागतं. "एकदा वर गेला की दुरुस्त करायला कोण जाणार?" हिंदीतच बोलत होते, मध्येच कन्नडमध्ये आत सूचना. स्वतः आधी बीईएलमध्ये होते.

मी विचारलं की एवढं कडक काम परवडतं का. म्हणाले सुरुवातीची वर्षं नाही परवडलं, ऑर्डर छोटी, कागदपत्रं डोंगराएवढी, पण त्या सवयीमुळे हॉस्पिटलच्या उपकरणांचं काम मिळालं, रेल्वेचं मिळालं, परदेशी ऑर्डर मिळाल्या. हे वाक्य मी तिथेच मोबाइलमध्ये लिहून घेतलं. विमान आणि उपग्रहाची ऑर्डर पैशात लहान असेल, पण ती गावाला मोजमाप शिकवते, आणि ते मोजमाप मग दुसऱ्या धंद्यात विकता येतं.

बाबांनी त्यांच्याशी टॉर्क रेंचच्या कॅलिब्रेशनवर अर्धा तास गप्पा मारल्या. दोघांनाही घाई नव्हती.

रविवार, कस्तुरबा रोड, इलेक्ट्रॉनिक सिटी

सकाळी विश्वेश्वरय्या म्युझियम. लहान मुलांची प्रचंड गर्दी, राइट बंधूंच्या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, मुलं असतील तर अख्खा दिवस ठेवा. आम्ही लवकर आटोपलं.

दुपारी नवीन यलो लाइनने इलेक्ट्रॉनिक सिटीला गेलो, हिच्या गाड्या ड्रायव्हरशिवाय चालू शकतील अशा बनवल्यात, बाबा मुद्दाम पुढच्या डब्यात काचेपाशी उभे राहिले. ही वसाहत वसवली कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाने. केऑनिक्स १९७६ ची, प्रमुख आर. के. बाळिगा, आणि १९७८ मध्ये गावाबाहेर ३३२ एकरांवर फक्त इलेक्ट्रॉनिक्ससाठी वसाहत त्यांनी आखली. तेव्हा इथे शेतं होती. पण शेतात वसाहत आखायची हिंमत होते कारण त्याच्याआधी तीस-पस्तीस वर्षं गावात माणसं तयार होत होती.

१९८५ ला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली, चिप डिझाइनसाठी, स्वतःची सॅटेलाइट लिंक लावून. मिनिटमन क्षेपणास्त्रासाठी आयसी पुरवणारी हीच कंपनी. भाचा म्हणाला की आमच्या क्षेत्रात सगळे तिला आपली पहिली शाळा मानतात, माझा बॉसचा बॉस तिथलाच. इन्फोसिसची गोष्ट मात्र वेगळी, १९८१ ला पुण्यात सुरू झाली आणि १९८३ ला बंगलोरला आली ती मायको या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या गिऱ्हाइकामुळे. विप्रोसुद्धा मूळची आपल्या अमळनेरची, तेलाची गिरणी, कॉम्प्युटरला हात घातला तो बंगलोरला. म्हणजे आपल्याकडची माणसं आणि भांडवल तिकडे गेलं कारण तिकडे इंजिनीअर मिळत होते.

आणि हे ज्ञान दिसतं कुठे, तर तेजस या आपल्याकडे डिझाइन झालेल्या लढाऊ विमानात. तेजस मुद्दाम अस्थिर बनवलंय म्हणजे ते चपळ वळतं, पण मग एकटा पायलट ते सांभाळू शकत नाही, कॉम्प्युटर सेकंदाला कितीतरी वेळा पंखाचे भाग हलवून सांभाळतो, आणि तो कॉम्प्युटर बंद पडून चालत नाही म्हणून चार समांतर वाटा ठेवलेल्या. अमेरिकन कंपनीची मदत चालू होती ती १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध लागून तुटली, आपली माणसं परत पाठवली. उरलेलं काम बंगलोरच्या लॅबनी पूर्ण केलं आणि ४ जानेवारी २००१ ला ते विमान एचएएलच्या धावपट्टीवरून उडालं. जिथे १९४० पासून डबे उघडायची सवय आहे तिथेच हे होऊ शकलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरला तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए ओझरलाच उडालं. बाबा टीव्हीसमोर उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याबद्दल परतताना मेट्रोत त्यांच्याशी बोललो. ते म्हणाले विमान आलं हे चांगलंच झालं, ओझरला अपग्रेडचं डिझाइन सेंटरही आहे, सातपूर-अंबडला स्विचगिअर आणि पॅनल बनवणारे इतके कारखाने आहेत, वायरिंग करणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना पाहिजे ते एवढंच की तेजसच्या इलेक्ट्रॉनिक्सचे टेस्ट बेंच आणि दुरुस्तीचं शॉप ओझरला यावं, आणि सोल्डरिंगची ती परीक्षा घेणारं ट्रेनिंग नाशिकच्या आयटीआयमध्ये सुरू व्हावं. जुन्या सहकाऱ्यांच्या पुढच्या बैठकीत ते हा विषय मांडणार आहेत, त्यासाठी पीण्याच्या त्या मालकांचा नंबर घेतलाय आणि परीक्षेचा अभ्यासक्रम पाठवायला सांगितलंय. नाशिकमधल्या कुणाची अशी छोटी युनिटं असतील आणि विमानाच्या कामात रस असेल तर जरूर कळवा, बाबांना भेटायला आवडेल.